पांढऱ्या शर्टाच्या काखेतले पिवळे डाग : नव्याने वकिली सुरू करणाऱ्यांसाठी

सनद हातात आली, कोट शिवून झाला, गळ्याला लावायचे पांढरे बँड घेतले, पाच-सहा पांढरे शर्ट किंवा कुर्ते घेतले, की कपड्यांचा प्रश्न मिटला असे वाटते. दोन-तीन महिन्यांनी दोरीवरून कपडे काढताना काखेत फिकट पिवळी झाक दिसते. पुढच्या धुण्यात जाईल, असे आपण म्हणतो. ती जात नाही. हळूहळू तिथले कापड ताठ होते आणि डाग बाहेरूनही दिसू लागतो.

मी वकिली जळगावला सुरू केली. तिथला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको, पारा ४४-४५ अंशांवर जातो. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये सोडली तर उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नसतो, म्हणून आम्ही सगळेच कोट उतरवायचो. जिवाला बरे वाटायचे, पण एरवी कोटाखाली झाकलेली काख आता सगळ्या कोर्टाला दिसायची. त्या पहिल्या उन्हाळ्यात माझे सहापैकी चार कुर्ते वाया गेले. घामामुळे गेले असते तर एवढे वाईट वाटले नसते. ते मी केलेल्या उपायांनी गेले: एका रात्री चारही कुर्ते ब्लीचच्या पाण्यात बुडवले, सकाळी डाग आधीपेक्षा गडद झाले होते, आणि तशाच कुर्त्यांवर मी इस्त्री करून घेतली. पुढे ठाण्याला आले. तिथे ऊन कमी, पण दमट हवेमुळे कपडा दिवसभर ओलाच राहतो, त्यामुळे सगळे नव्याने शिकावे लागले. ते शिकलेले इथे क्रमाने देते आहे. नर्सिंगच्या, हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलामुलींना आणि पांढरा गणवेश घालणाऱ्या कुणालाही ते तसेच लागू पडेल.

१. डाग कशाचा आहे ते आधी ओळखा

घामाला स्वतःचा रंग नसतो. तो बहुतेक पाणी आणि मीठ असतो. काखेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने असतात. कपड्यात मुरलेला हा तेलकटपणा हवेने हळूहळू पिवळा पडतो, जसे जुने तूप रंग बदलते. त्यात भर पडते घाम रोखणाऱ्या रोल-ऑनची. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळ्या तात्पुरत्या बंद करतात, म्हणून घाम कमी येतो. पण हेच क्षार घामातल्या प्रथिनांशी आणि साबणाच्या अंशाशी मिळून कापडात घट्ट बसतात. काखेतले कापड पापडासारखे ताठ होते ते याच थरामुळे.

म्हणून डाग नुसता बघू नका, बोटांनी चाचपून बघा. कापड मऊ आहे आणि फक्त पिवळी झाक आहे, तर मुख्यतः तेलकटपणा. ताठ आणि मेणचट लागत असेल तर ॲल्युमिनियमचा थर आहे आणि तो आधी आंबट पदार्थाने सैल करावा लागेल. शर्ट फक्त काखेत नाही तर सगळाच पिवळट-करडा झाला असेल, तर दोष घामाचा नाही, पाण्याचा किंवा साबण नीट न निघाल्याचा आहे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

२. काय काय आणून ठेवायचे

सगळे मिळून फार खर्च नाही. किराणा दुकान आणि औषधाचे दुकान, एवढ्यात काम होते.

– पांढरे व्हिनेगर, किंवा सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व.
– खायचा सोडा. धुण्याचा सोडा वेगळा असतो, तो जास्त दाहक असतो. लेप करायला तो घेऊ नका.
– हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधाच्या दुकानातून. बाटलीवरचा आकडा वाचा. ‘१० व्हॉल्यूम’ म्हणजे साधारण ३ टक्के, ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे साधारण ६ टक्के. आपल्याला ३ टक्के हवे. २० व्हॉल्यूमचे मिळाले तर लागेल तेवढेच घेऊन त्यात तेवढेच पाणी घाला. बाटली गडद रंगाची असते कारण उजेडाने ते निकामी होते, म्हणून दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका.
– ऑक्सिजन ब्लीचची पावडर. पाकिटामागे ‘सोडियम परकार्बोनेट’ लिहिलेले असते. पांढऱ्या कपड्यांसाठीची वेगळी मिळते, ती घ्या.
– एन्झाइम असलेली धुण्याची पावडर किंवा लिक्विड. हेही पाकिटावर लिहिलेले असते.
– भांडी घासायचे लिक्विड, जुना मऊ टूथब्रश, प्लॅस्टिकची बादली आणि रबरी हातमोजे. लोखंडी किंवा पत्र्याची बादली नको.

३. हे तीन घोटाळे टाळा

पहिला घोटाळा क्लोरीन ब्लीचचा. पांढरा कपडा म्हटला की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. त्यातले सोडियम हायपोक्लोराइट घामातल्या प्रथिनांवर पडले की डाग निघायच्या ऐवजी आणखी पिवळा होतो, आणि वारंवार वापरले तर सुताचा जीव जातो. रेशीम, लोकर आणि ताणले जाणारे कापड तर त्याने खराबच होते. माझे चार कुर्ते याच वाटेने गेले. शिवाय ही बाटली व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर एकत्र आली तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. घामाच्या डागांसाठी ही बाटली लागत नाही, ती बाजूलाच ठेवा.

दुसरा घोटाळा कढत पाण्याचा. ताज्या डागावर उकळते पाणी ओतले तर अंड्याचा पांढरा जसा गोठतो तशी प्रथिने धाग्यात गोठतात. सुरुवात नेहमी साध्या पाण्याने.

तिसरा इस्त्रीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त शर्ट यातच जातात. आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले काका एकदा माझा कुर्ता परत देत म्हणाले, “ताई, हा डाग काढून आणा. मी दाबला की तो बसला.” तेव्हा मला राग आला होता, कारण दुसऱ्या दिवशी तारीख होती. त्यांचे बरोबर होते. काखेतला डाग इस्त्रीच्या उष्णतेने पक्का होतो आणि मग त्याला काढायला चौपट मेहनत पडते.

४. ताजा डाग : रोजची दोन मिनिटे

कोर्टातून आल्यावर शर्ट खुंटीला लावायचा नाही. हा पूर्ण लेख वाचायला वेळ नसेल तर एवढे एक वाक्य लक्षात ठेवा.

शर्ट उलटा करा, कारण डाग आतल्या बाजूने पडतो. काखेचा भाग नळाखाली धरा आणि साध्या पाण्याची धार आतून बाहेर जाऊ द्या. भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बोटांनी हलकेच चोळा, पुन्हा धुवा, पिळून दोरीवर टाका. धुण्याचा दिवस आठवड्यात एकदाच असला तरी चालेल, फक्त घाम आणि रोल-ऑनचा थर रात्रभर कापडात वाळू द्यायचा नाही. मी ठाण्यात पीजीमध्ये राहायचे तेव्हा वॉशिंग मशीन रविवारीच मिळायचे. तरी या दोन मिनिटांमुळे त्या वर्षी घेतलेल्या पाच कुर्त्यांना डाग पडला नाही.

धुवायच्या दिवशी एन्झाइमच्या पावडरच्या कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा. एन्झाइम प्रथिने तोडतात, पण त्यांना वेळ लागतो, त्यामुळे बुडवून लगेच काढले तर उपयोग नाही. फार गरम पाण्यात ते निकामी होतात. रेशमी आणि लोकरी कपड्यांना ही पावडर लावू नका, ते धागे स्वतःच प्रथिनांचे असतात. त्यांना रिठ्याचे पाणी बरे.

५. जुना डाग : आधी आंबट, मग ऑक्सिजन

हे काम रविवारी सकाळी काढा, दिवसभर मधूनमधून लक्ष द्यावे लागते. क्रम चुकवू नका. सुती आणि टेरिकॉट (सूत-पॉलिएस्टरचे मिश्र कापड) दोन्हींना चालते, पण आधी आतल्या शिवणीवर थोडे लावून १० मिनिटे बघा. रंगीत भरतकाम किंवा धातूची बटणे असतील तर त्या जागी लागू देऊ नका.

पहिला टप्पा आंबट पाण्याचा. एक वाटी व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी, किंवा एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड. शर्ट उलटा करून काखेचा भाग त्यात अर्धा तास बुडवा. ॲल्युमिनियमचा थर आंबटपणाने सुटायला लागतो. टूथब्रशने हलक्या हाताने घासा. ताठपणा कमी झालेला बोटांना कळतो. कळला नाही तर आणखी अर्धा तास ठेवा, पुढे जायची घाई करू नका. थर तसाच राहिला तर पुढचा लेप वरवर फिरतो, आत पोचत नाही.

आता स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या. आंबट वास पूर्ण गेला पाहिजे. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकत्र आले तर त्वचेला व डोळ्यांना झोंबणारे तीव्र ॲसिड बनते, त्यामुळे दोन्ही एका भांड्यात कधी मिसळू नका.

दुसरा टप्पा लेपाचा. खायचा सोडा एक मोठा चमचा, ३ टक्के पेरॉक्साइड दोन मोठे चमचे, भांड्याचे लिक्विड पाच-सहा थेंब. हातमोजे घाला. लेप ऐनवेळी करा, करून ठेवलेला लेप निकामी होतो. ओल्या डागावर दोन्ही बाजूंनी लावा, ब्रशने गोल गोल फिरवा आणि अर्धा तास ठेवा. बारीक फेस येतो, तो म्हणजे सुटणारा ऑक्सिजन. लेप वाळायला लागला तर वरून थोडे पाणी शिंपडा. मग धुऊन बघा. फिकट झाला पण गेला नाही, तर पुन्हा एकदा. माझ्या अनुभवात सहा महिन्यांचा डाग दोनदा लेप लावल्यावर जातो. वर्षाहून जुना आणि इस्त्री बसलेला डाग फिकट होतो, पूर्ण जाईलच असे नाही.

एकाच वेळी पाच-सहा शर्ट असतील तर लेप लावत बसू नका. चार लिटर गरम पाण्यात, ५० अंशांच्या आसपास, म्हणजे हात फार वेळ ठेवता येणार नाही इतपत, ऑक्सिजन ब्लीचचे दोन मोठे चमचे विरघळवा आणि सुती शर्ट चार तास किंवा रात्रभर बुडवून ठेवा. इथे गरम पाणी का चालते, असा प्रश्न पडेल. पहिल्या टप्प्यात प्रथिने आणि क्षार बरेचसे निघालेले असतात, आणि ही पावडर थंड पाण्यात नीट कामच करत नाही. बादलीवर घट्ट झाकण लावू नका आणि हे पाणी उरले म्हणून बाटलीत भरून ठेवू नका. त्यातून वायू निघत राहतो, बाटली फुटू शकते. रेशमी, लोकरी कपडा यात घालायचा नाही.

शेवटी नेहमीसारखे धुवा आणि उन्हात वाळत घाला. पांढऱ्या सुती कापडाला ऊन मानवते, डागाची उरलेली झाकही बरीच उतरते.

६. इस्त्रीला द्यायच्या आधी

वाळलेला शर्ट खिडकीपाशी किंवा गच्चीत नेऊन बघा. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पिवळा डाग दिसत नाही आणि ओल्या कापडातही तो लपतो. डाग अजून असेल तर शर्ट पुन्हा बादलीत. दुसऱ्या दिवशी तारीख असेल तर दुसरा शर्ट घाला, हा तसाच इस्त्रीला देऊ नका.

७. नीळ आणि टिनोपालबद्दल

आईच्या पिढीचा नीळ आणि टिनोपालवर फार विश्वास. दोन्हींनी कपडा खरोखर पांढरा दिसतो, पण डाग निघत नाही. निळा रंग पिवळ्याला मारतो, म्हणून पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही. टिनोपालसारखी पावडर अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकते, म्हणून कपडा झळाळतो. धुऊन, डाग काढून झाल्यावर शेवटच्या पाण्यात चार थेंब नीळ घालायला माझी ना नाही, मीही घालते. मात्र डागावर नीळ चढवली तर तिथे हिरवट छटा येते. आणि नीळ आधी बादलीभर पाण्यात नीट मिसळा, मगच कपडा बुडवा, नाहीतर निळे ठिपके पडतात.

८. काळ्या कोटाचे काय

कोटावर पिवळा डाग दिसत नाही, पण काखेत मिठाची पांढरी वलये उमटतात आणि वास राहतो. आपण तो ड्रायक्लीनला देतो आणि वास तसाच परत येतो. याचे कारण साधे आहे: ड्रायक्लीनिंगचे द्रावण तेल-ग्रीस काढते, घामातले मीठ पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ते मागे राहू शकते. कोट देताना काखेवर बोट ठेवून ‘इथे घामाचा डाग आहे’ असे सांगा. घरी आल्यावर अस्तराची काख ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि कोट कपाटात न कोंबता तासभर पंख्याखाली लावा.

९. डाग पडूच नयेत म्हणून

रोल-ऑन किंवा स्प्रे विकत घेताना मागची बारीक अक्षरे वाचा. ज्यात ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा ॲल्युमिनियमचा दुसरा एखादा क्षार आहे, ते घाम रोखते. ज्यात नाही, ते फक्त वास झाकते किंवा वासाचे जंतू कमी करते. ताठ, मेणचट डाग पहिल्या प्रकाराने पडतात. घाम बेताचा येत असेल तर पांढऱ्या शर्टाच्या दिवशी दुसरा प्रकार पुरतो. घाम खूप येत असेल तर पहिला प्रकार सोडू नका, पण रात्री झोपताना कोरड्या त्वचेवर पातळ लावा. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे ते नीट बसते. सकाळी अंघोळीत वरचा थर धुतला गेला तरी परिणाम टिकतो. सकाळी घाईत लावून त्यावर लगेच शर्ट चढवणे ही डागाची सुरुवात असते.

तुरटी नैसर्गिक म्हणून डाग पाडणार नाही, असे अनेक जणी मला सांगतात. तुरटीतही ॲल्युमिनियम असतेच. लावा, पण पूर्ण वाळू द्या.

पुरुषांसाठी एक गोष्ट: सँडो बनियान काख झाकत नाही. उन्हाळ्यात नेमकी तीच घातली जाते आणि सगळा घाम थेट शर्टात उतरतो. अर्ध्या बाह्यांची पातळ सुती बनियान घाला. ती पिवळी पडली तरी कुणाला दिसत नाही, आणि शर्टापेक्षा स्वस्त असते. बायकांनी ब्लाउज किंवा कुर्ता शिवताना शिंप्याला काखेत सुती अस्तराचा तुकडा लावायला सांगावे. काखेत चिकटवायचे पॅडही मिळतात. अंतिम युक्तिवादासारख्या मोठ्या दिवशी मी ते वापरते, रोज वापरणे परवडत नाही.

शिवून घेत असाल तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, अर्धा-पाऊण इंच सैल ठेवा. जुन्या पद्धतीच्या झब्ब्याला काखेत वेगळा चौकोनी तुकडा असायचा, त्यामुळे हात मोकळा हलायचा आणि हवा खेळायची. आताचे घट्ट बेतलेले शर्ट काखेला चिकटून बसतात. कापड सुती किंवा लिनन घ्या. टेरिकॉट चुरगळत नाही म्हणून नव्या वकिलांना आवडते, पण त्यातला पॉलिएस्टर तेलकटपणा धरून ठेवतो आणि वास लवकर सोडत नाही. मी सुती घेते आणि इस्त्रीचा खर्च सोसते.

आणि शर्ट आलटून पालटून वापरा. पाच दिवसांना पाच. दोनच शर्टांवर आठवडा काढला तर ते नीट धुवायला वेळच मिळत नाही.

१०. पाणी जड असेल तर

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा चिकट साका कापडात राहतो. त्यानेच पांढरे कपडे काही महिन्यांत करडे होतात. साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट वापरा, एकदा जास्त खळबळा, आणि शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घाला. पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीच्या कडेला तांबूस रेघ येत असेल, तर क्लोरीन ब्लीच त्या लोहाचा गंज कापडावरच बसवते. तिथेही सायट्रिक ॲसिडच उपयोगी पडते.

थंडीत, एसीत बसूनही शर्ट ओला होत असेल, किंवा तळहात-तळपायही सतत घामेजत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अति घाम येणे हा विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. लाजेखातर वर्षानुवर्षे फक्त काळेच कपडे घालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि आपल्या व्यवसायात तर ती सोयही नाही.

जे शर्ट तीनदा प्रयत्न करूनही सुधारले नाहीत, त्यांची काख उजेडासमोर धरून बघा. सूत विरळ झालेले असेल तर आता आणखी काही लावू नका, पुढच्या धुण्यात ते फाटेल. कॉलर आणि बटणे काढून ठेवा, बाकीच्याचे फडके करा. सुती शर्टाच्या पाठीचे कापड काच पुसायला फार छान असते.